एक टर्फ, अनेक खेळ: आखूड पाते की लांब?

हॉकीला आखूड पाते हवे, फुटबॉलला लांब. अनेक खेळांसाठी एकच टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, बनवण्याचा सगळा घोळ इथून सुरू होतो. वेगवेगळ्या रंगांच्या रेषा आखणे हे त्यातले सोपे काम.

गंमत म्हणजे कृत्रिम गवत कुठल्याही एका खेळासाठी जन्मलेच नव्हते. शहरी मुलांना बारमाही खेळता यावे, या विचारातून अमेरिकेत त्यावर काम सुरू झाले आणि 1964मध्ये प्रॉव्हिडन्समधल्या एका शाळेत 'केमग्रास' नावाचे असे गवत अंथरले गेले. त्याचे नाव झाले ते मात्र ह्यूस्टनमध्ये. तिथल्या ॲस्ट्रोडोम या बंदिस्त बेसबॉल स्टेडियमच्या पारदर्शक छतामुळे खेळाडूंचे डोळे दिपायचे, चेंडू दिसायचा नाही. म्हणून छत रंगवले, तर ऊन अडून खालचे गवत मेले. 1966मध्ये तिथे केमग्रास आले आणि त्याचेच 'ॲस्ट्रोटर्फ' झाले. नायलॉनचा तो गालिचा आखूड, कडक आणि पडणाऱ्याची कातडी सोलणारा होता.

हॉकीला नेमका हाच सपाटपणा मानवला. 1976च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर झाली. न्यूझीलंडने सुवर्ण जिंकले आणि तोवर सात सुवर्णपदके मिळवलेला भारत सातवा आला. फुटबॉलचे उलटे झाले. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने 1981मध्ये असे मैदान केले, पण चेंडू इतका उसळायचा की काही वर्षांतच इंग्लंडच्या लीगने अशी मैदाने बाद केली.

दरम्यान टर्फची दुसरी पिढी आली होती. पाती थोडी लांब आणि ती उभी राहावीत म्हणून मध्ये वाळू. बहुउद्देशीय मैदान म्हणून हेच सर्वाधिक रुळले. हॉकी, टेनिस, फुटबॉलचा सराव, सगळे त्यावर चालते. मनापासून आवडते असे म्हणणारा फुटबॉलपटू मात्र विरळाच.

1990च्या दशकातल्या तिसऱ्या पिढीत पाते साधारण 40 ते 65 मिलिमीटरवर गेले. खाली वजनाला वाळू, वर रबराचे कण. फिफाने 2001मध्ये चाचण्यांचे निकष आणले आणि 2004मध्ये खेळाच्या नियमांतही अशा मैदानाला जागा मिळाली. रग्बीची अट आणखी कडक होती. टॅकलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून पाडताना, डोके आपटले तर किती मार बसेल, तेही तपासावे लागते, त्यामुळे गालिच्याखाली बहुधा शॉकपॅड, म्हणजे धक्का शोषणारा थर, येतो. फुटबॉल-रग्बीची जोडी अशी जमली. हॉकी मात्र बाहेर राहिली, कारण लांब पात्यांत तिचा चेंडू अडखळतो.

आता पात्यांमधल्या या भरावावरच, म्हणजे रबराच्या कणांवर, गदा आली आहे. मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर युरोपीय संघाने 2023मध्ये निर्बंध घातले. त्यात मैदानांतले रबराचे कणही येतात. त्यांना आठ वर्षांची मुदत आहे. म्हणून शॉकपॅडवर दाट, तुलनेने आखूड पात्यांचे, भराव नसलेले टर्फ पुढे येते आहे. दुरावलेली हॉकी त्यावर परत येईल का, हे आता चेंडू किती सरळ घरंगळतो त्यावर ठरेल.