कॉलेजच्या खेळाडूचं विकिपीडियावर पान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडतो

आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपल्या की ठाणे-नवी मुंबईतले पालक आणि क्रीडाशिक्षक एकच गोष्ट विचारायला लागतात: पोरीने मेडल आणलंय, विकिपीडियावर तिचं पान कसं करायचं? बहुतेकांचा मसुदा परत येतो, आणि ज्या कारणाने येतो ते अर्जाआधीच तपासता येतं.

आधी पात्रता. खेळाडू किती चांगला आहे हे विकिपीडिया (इथे मुख्यतः इंग्रजी विकिपीडिया) ठरवत नाही. ज्यांचा त्या खेळाडूशी काही संबंध नाही अशा विश्वासार्ह माध्यमांनी त्याच्याबद्दल स्वतःहून, सविस्तर लिहिलंय का, एवढंच तिथे पाहतात. याला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. पूर्वी काही खेळांत ठरावीक पातळीवर एक सामना खेळला तरी खेळाडू पात्र धरला जाई. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने असे नुसत्या सहभागाचे निकष काढून टाकले. आता खेळाडूवरच्या लेखात निदान एक सविस्तर स्रोत असावाच लागतो, आणि टिकायचं तर एकावर भागत नाही. त्यामुळे ‘त्या अमक्याचं पान आहे, मग आमच्या मुलाचं का नाही’ हा मुद्दा मांडू नका. ते पान जुन्या नियमांतलं असेल, उद्या तेही उडेल.

कॉलेज खेळाडूंसाठी वेगळा निकष आहे, पण तो अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या रचनेवर बेतलेला आहे: राष्ट्रीय पुरस्कार, डिव्हिजन वन म्हणजे सर्वांत वरच्या गटातला मोठा विक्रम, हॉल ऑफ फेम म्हणजे त्या खेळातल्या मानकऱ्यांच्या यादीत स्थान किंवा देशपातळीवरच्या माध्यमांनी त्या एका खेळाडूची घेतलेली दखल. तिथल्याही छोट्या कॉलेजांची मुलं खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतात आणि याच दारात अडतात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा कलर (विद्यापीठाच्या खेळाडूला मिळणारा मान), आंतरविद्यापीठ वेस्ट झोन आणि ऑल इंडिया स्पर्धा, खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स यांपैकी कशानेही आपोआप प्रवेश मिळत नाही. पदक मोठंच आहे, त्यामागची पहाटेची मेहनतही खरी आहे. विकिपीडिया मात्र त्यावर कोणी काय लिहिलं तेवढंच विचारतो.

उलट पातळी लहान असली तरी दार बंद नसतं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि त्याच्यावर देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. त्याने मोडलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम १८९९ मधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा होता. कॉलिन्स कधी प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही, तरी विकिपीडियावर त्याच्यावर उत्तम लेख आहे, कारण शंभर वर्षं लोक त्याच्याबद्दल लिहीत राहिले.

आता कागदपत्रं. बहुतेक घरांतून जाड फाइल निघते: लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, प्राचार्यांचं अभिनंदनपत्र, कॉलेजच्या वार्षिकांकातलं पान, नगरसेवकांच्या हस्ते सत्काराचा फोटो. यातलं काहीही उल्लेखनीयतेसाठी धरत नाहीत, कारण हे सगळं संबंधित लोकांकडूनच आलेलं असतं. मग कात्रणं उघडतात. पुरवणीतल्या चार ओळी: अमुक महाविद्यालयाने कबड्डीत बाजी मारली, खाली सात नावं, शेवटी संस्थाचालकांनी कौतुक केलं. ही कॉलेजने पाठवलेली प्रेस नोट आहे, आणि तुमच्या खेळाडूबद्दल तिच्यात फक्त नाव आहे. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच वेबसाइटांवर आली तरी ती एकच. प्रश्नोत्तरांची मुलाखतही सहसा चालत नाही, कारण त्यात खेळाडू स्वतःबद्दल बोलतो. पैसे देऊन छापलेला मजकूर तर नाहीच. भारतीय वर्तमानपत्रांतल्या पेड न्यूजबद्दल तिथले संपादक विशेष सावध असतात.

धरतात ते असं: क्रीडा पत्रकाराने स्वतः लिहिलेला, खेळाडूवरच केंद्रित असलेला, चार-पाच परिच्छेदांचा लेख. असे दोन-तीन हवेत, वेगवेगळ्या माध्यमांतले, आणि शक्यतो एकाच आठवड्यातले नकोत.

खरी मेख पुढे आहे. असा लेख असतो, पण कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कापली गेलेली असते. आईने हौसेने नेमका फोटो आणि मजकूर तेवढाच जपलेला असतो. तारखेशिवाय तो स्रोत देता येत नाही. स्पर्धेची तारीख धरून पुढच्या आठवड्याचे ई-पेपर शोधा. नाही सापडले तर ग्रंथालयात जाऊन जुने अंक विचारा. ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे चौकशी करायला हरकत नाही. नाव, तारीख, मथळा, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव असलं की ऑनलाइन दुवा नसलेला स्रोतही चालतो. कात्रण स्कॅन करून अपलोड मात्र करू नका, तो कॉपीराइटचा भंग होतो.

मराठी स्रोत इंग्रजी विकिपीडियावर पूर्णपणे ग्राह्य आहेत. तरीही मसुदे तपासणारा, देवनागरी न वाचता येणारा संपादक कधीकधी तसाच पुढे जातो आणि ठरीव छापाचा नकार चिकटवतो. कोणता स्रोत कमी पडला हे एका ओळीत सांगितलं असतं तर समोरच्याचे महिने वाचले असते. तुम्ही आपल्या बाजूने प्रत्येक मराठी लेखाचा दोन वाक्यांचा इंग्रजी सारांश मसुद्याच्या चर्चापानावर (प्रत्येक पानाला जोडलेल्या, बोलणी करायच्या पानावर) ठेवा.

अर्ज सोपा आहे: खातं उघडा, मसुदा लिहा, तपासणीसाठी पाठवा. खातं एका व्यक्तीचं असावं. कॉलेजच्या नावाचं किंवा सगळ्यांनी मिळून वापरायचं खातं चालत नाही. चार दिवस आणि दहा संपादनं झाली की थेट लेख करता येतो, पण तुम्ही पालक, प्रशिक्षक किंवा स्वतः खेळाडू असाल तर मसुद्याच्याच वाटेने जा आणि नातं उघड सांगा. प्राचार्यांच्या सांगण्यावरून कार्यालयातला कर्मचारी लिहीत असेल तर ते सशुल्क संपादन ठरतं आणि तसं जाहीर करणं बंधनकारक आहे.

मुदतीबाबत घोळ होतो. तपासणीला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. सहा महिन्यांची जी मुदत लोक ऐकतात, ती तपासणीची नाही. मसुद्यात शेवटचा बदल झाल्यापासून सहा महिने कोणी हात लावला नाही तर तो वगळला जाऊ शकतो. तसा गेला तर विनंती करून परत मिळतो, नव्याने लिहायची गरज नाही. लेख झाल्यावर वगळण्याची चर्चा लागली तर ती साधारण सात दिवस चालते. त्या वेळी टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा टाकून मतं मागवू नका. तिथे मुद्दे तोलतात, डोकी मोजत नाहीत, आणि एकाच दिवशी उघडलेली दहा खाती दिसली की संशय पक्का होतो.

फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, फोटोत असलेल्याचा नाही. छायाचित्रकाराने स्वतः मुक्त परवाना द्यावा लागतो, आणि एकदा दिला की तो फोटो कोणीही, व्यवसायासाठीसुद्धा वापरू शकतो. मुलींच्या पालकांनी हे नीट समजून घेऊनच होकार द्यावा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची जन्मतारीख आणि राहण्याचा परिसरही लिहू नये.

‘वीस हजारांत पान पक्कं’ असं कोणी सांगितलं तर फोन ठेवा. विकिपीडियाला शुल्क नाही, आणि मंजुरीची हमी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय पान झालं तरी ते खेळाडूच्या मालकीचं नसतं. उद्या डोपिंगची बंदी आली आणि ती छापून आली तर तीही तिथे नोंदली जाईल, ती काढून टाका म्हणता येणार नाही.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्याचा कारभार स्वतंत्र आहे. तिथे लेख असला म्हणून इंग्रजीत आपोआप होत नाही, आणि इंग्रजीत नाकारला म्हणून मराठीत उरकून टाकावा, असंही करू नका.

दोन स्वतंत्र लेख नसतील तर यंदा अर्ज करू नका. स्पर्धेच्या लेखात विजेत्यांची यादी असेल तर तिथे स्रोतासह नाव घालण्याची विनंती चर्चापानावर करता येते. पुढच्या मोसमापासून कात्रण काढाल तेव्हा पानाचा वरचा पट्टाही सोबत ठेवा आणि मागे पान क्रमांक लिहा.