निसर्गाधारित उपचार (आघातोत्तर तणाव विकृतीसाठी)

युद्ध, अपघात, हिंसाचार अशा जिवावरच्या प्रसंगानंतर जडणाऱ्या आघातोत्तर तणाव विकृतीत (पीटीएसडी) मानसोपचाराच्या जोडीने, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली रुग्णाला ठरावीक काळ बाग, वन वा जलाशयाच्या सान्निध्यात ठेवण्याची पद्धती. माती, पाणी व आहार यांवर आधारलेल्या निसर्गोपचाराहून ती वेगळी आहे. विकृतीचे हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानसूचीत १९८० मध्ये आले. उपचाराची कल्पना त्याहून जुनी आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. उद्यानोपचाराचे (बागकामातून उपचार) अमेरिकी अभ्यासक ही परंपरा अमेरिकन वैद्य बेंजामिन रश यांच्यापर्यंत नेतात. लाकडे फोडणारे, शेकोट्या पेटवणारे, बागेत खणणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात, तर प्रतिष्ठेपायी अशा कामांतून सुटलेले खितपत पडतात, असे रश यांनी मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात (१८१२) नोंदविले. परंतु हे निरीक्षण मुख्यतः श्रमांविषयीचे आहे. बाग त्यात ओघाने येते. दुसरा पक्ष जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये पुरस्कारलेल्या शिन्रिन-योकूकडे (वनस्नान) बोट दाखवितो. मात्र तो सर्वसामान्यांच्या आरोग्यासाठीचा उपक्रम होता, आघातग्रस्तांसाठीचा नव्हे. आघातग्रस्त सैनिकांपुरते पाहता एडिंबरा येथील क्रेगलॉकहार्ट युद्धरुग्णालयाचा (१९१६–१९) दावा अधिक सयुक्तिक वाटतो. तेथील डॉक्टर आर्थर ब्रॉक यांच्या मते युद्धाने सैनिकाचे भोवतालाशी असलेले नाते तुटते आणि ते कामातून पुन्हा जुळवावे लागते. त्यासाठी ते रुग्णांना बागकाम, शेतीकाम व परिसराची पाहणी यांत गुंतवीत. रुग्णालयात निसर्गनिरीक्षण मंडळही होते. कवी विल्फ्रेड ओवेन १९१७ मध्ये ब्रॉक यांचे रुग्ण होते. ब्रॉक यांच्यावर स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांच्या प्रादेशिक सर्वेक्षणाच्या (एखाद्या प्रदेशाची भूमी, व्यवसाय व लोक यांची एकत्रित पाहणी) विचारांचा प्रभाव होता. हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. ब्रॉक यांचे सहकारी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या संवादोपचाराला पुढे अधिक प्रसिद्धी मिळाली व ब्रॉक मागे पडले.

कार्यपद्धती : सुपरिचित उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधील हर्सहोल्म वृक्षोद्यानातील नाकाडिया ही उपचार-वनबाग. कोपनहेगन विद्यापीठाने ती उभारली असून तिचे क्षेत्र सुमारे १·४ हेक्टर आहे. तेथे माजी सैनिकांसाठी १० आठवड्यांचा उपक्रम राबविला गेला. अशा उपक्रमांत प्रवेशापूर्वीच्या मुलाखतीत कोणता आवाज, वास वा भूभाग रुग्णाला प्रसंगात परत ओढतो, हे विचारून घेतात. पहिल्या सत्रांत कामाची सक्ती नसते. रुग्ण स्वतःची जागा निवडतो. पाठीशी जाड बुंधा, उतार वा कुंपण आणि समोर येणारी वाट दिसेल एवढी मोकळीक, अशी जागा बहुधा पसंत पडते. पाठ सुरक्षित झाली की मागे वळून पाहणे कमी होते, आणि मगच श्वास, पावलांखालची जमीन, जवळचे व दूरचे आवाज यांकडे लक्ष वळविण्याचे सराव करता येतात. त्यानंतर रोपे लावणे, लाकूड फोडणे, शेकोटी पेटविणे ही कामे रुग्णाच्या संमतीने येतात. शेवटच्या आठवड्यांत घराजवळची अशीच एखादी जागा शोधून देतात. हे टाळले तर उपक्रम संपताच लाभ ओसरण्याचा धोका असतो.

अडचणी : दाट झाडी सर्वांनाच शांतवते असे नाही; झाडीतून हल्ला झालेल्या सैनिकाला तीच धोक्याची वाटते. वाळकी फांदी मोडल्याचा आवाज, धूर, वरून जाणारे हेलिकॉप्टर यांनी स्मृतींचा झटका येऊ शकतो; शिकारीच्या हंगामात लगतच्या वनातील बंदुकांचे बार तर हमखास अडचणीचे. चढावर धडधडणारे हृदय व लागलेली धाप घबराटीच्या झटक्यासारखी भासते, म्हणून चाल हळूहळू वाढवितात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन हे रक्तदाब उतरविणारे औषध घेणाऱ्याचा रक्तदाब एकदम उभे राहताना घसरू शकतो. जमिनीवरून उठण्याआधी काही वेळ बसून राहण्यास सांगणे आवश्यक असते. आत्महत्येचा धोका असलेल्यांच्या हाती कुऱ्हाड, कोयता देत नाहीत. सर्वांत फसवी अडचण म्हणजे टाळाटाळ. माणसे, गर्दी व आठवणी चुकविण्यासाठी रुग्ण रानाचा आसरा घेऊ लागला, तर तात्पुरते बरे वाटते पण विकृती मुरते. एकट्याने रानात राहण्याची ओढ वाढणे हे म्हणूनच नेहमी सुधारणेचे लक्षण मानीत नाहीत.

परिणामकारकता : अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत आघातकेंद्री मानसोपचारांना (दीर्घ अनावरण म्हणजे टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे; बोधात्मक प्रक्रिया उपचार म्हणजे आघाताविषयीचे चुकीचे विचार तपासून बदलणे; ईएमडीआर म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसह आठवणी हाताळणे) अग्रक्रम आहे, तर मासेमारी, नौकानयन यांसारख्या निसर्गानुभवांच्या बाजूने वा विरोधात शिफारस करण्यास पुरावा अपुरा ठरविला आहे. नाकाडियातील ८४ व्यक्तींच्या यादृच्छिक चाचणीत (रुग्णांची गटांत विभागणी चिठ्ठीसारखी नशिबावर सोडून केलेली) निसर्गाधारित उपचार व बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वर्तन बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) या दोहोंनी सुधारणा दिसली व त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण हे रुग्ण तणावजन्य आजारांचे होते, युद्धाघाताचे नव्हेत. तेथील माजी सैनिकांवरचा अभ्यास गुणात्मक (आकड्यांऐवजी अनुभवकथनावर आधारलेला) असून त्यात केवळ आठ जण होते. अमेरिकेत नदीतील तराफा-सफरींनंतर माजी सैनिकांची लक्षणे घटल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, मात्र तुलनेसाठी सफरीवर न गेलेल्यांचा नियंत्रण गट नव्हता. अभ्यास प्रामुख्याने माजी सैनिकांचे, त्यातही पुरुषांचे आहेत. भूकंप, पूर वा कौटुंबिक हिंसेतून वाचलेल्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.