वायर कापली तर काय होतं?

घरात अलार्म बसवून घेताना लोक विचारतात, हूटरचा आवाज किती मोठा आहे, मोबाइलवर ॲप चालतं का, रिमोट किती मिळतात. या सगळ्याआधी विचारावा असा प्रश्न वेगळाच आहे: सेन्सरची वायर कोणी कापली तर काय होतं? यंत्रणा नीट बांधली आहे की नुसती भिंतीवर टांगली आहे, ते या एका उत्तरात कळतं. अलार्मचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहासही बराचसा याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या अलार्मचं पेटंट घेतलं. दारंखिडक्यांना स्विच, एक बॅटरी, एक विद्युतचुंबक आणि घंटा, एवढाच सरंजाम. दार उघडलं की सर्किट पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. त्याचे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि बॉस्टन, मग न्यूयॉर्क अशा शहरांत धंदा उभा केला. पुढे १८७७ साली बॉस्टनमध्ये होम्स कंपनीच्या अलार्मच्या तारांवरच टेलिफोनचा पहिला प्रायोगिक स्विचबोर्ड चालवून पाहिला गेला. टेलिफोन एक्स्चेंजच्या जन्माला चोरांचा असाही हातभार लागलेला आहे.

उघडल्यावर पूर्ण होणाऱ्या सर्किटमध्ये मात्र एक मोठी खोट आहे. वायर कापली गेली, उंदराने कुरतडली किंवा गंजून तुटली, तर यंत्रणा गप्प बसते. घरात सगळं ठीक असतानाही ती गप्पच असते. दोन्ही शांतता सारख्याच दिसतात.

उपाय असा निघाला की रचनाच उलटी करायची. सगळं ठीक असताना सर्किटमधून बारीकसा प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि दार उघडलं की तो तुटायचा. आता वायर कापणं आणि दार उघडणं पॅनेलच्या, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या मुख्य डब्याच्या, लेखी एकच झालं. यावर चोरांनीही तोड काढली: वायर सोलायची आणि दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. प्रवाह वाहतच राहतो, मग दार खुशाल उघडा. म्हणून आजच्या यंत्रणांत प्रत्येक झोनच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वायरीच्या, टोकाला एक रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) बसवतात. समजा पॅनेल १२ व्होल्ट देतं आणि रेझिस्टर ५.६ किलोओहमचा आहे. मग प्रवाह साधारण २ मिलिॲम्पिअर असायला हवा. वायर कापली तर तो शून्य होतो, तारा जोडल्या तर एकदम वाढतो, आणि पॅनेल दोन्ही वेळा ओरडतं.

काही पैशांचा हा रेझिस्टर सेन्सरच्या आत, म्हणजे वायरच्या पार टोकाला बसवायचा असतो. कंटाळा करणारे फिटर तो पॅनेलच्या डब्यातच लावून मोकळे होतात. मग डब्याबाहेर तारा जोडल्या तरी पॅनेलला त्याचा पत्ता लागत नाही आणि सगळी हुशारी वाया जाते. पॅनेलचं झाकण उघडून सगळे रेझिस्टर तिथेच रांगेत दिसले, तर फिटरला परत बोलवावं.

आता सेन्सर. ‘कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापलं गेलंय, की पहिला सेन्सर दारावरच हवा हे सांगायला नको. दाराच्या फळीवर चुंबक आणि चौकटीवर रीड स्विच. बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली तो शोधला. काचेच्या सीलबंद नळीत लोह-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटून राहतात, दूर गेला की सुटतात. आतले संपर्कबिंदू हवाबंद असल्याने कोकणातल्या खाऱ्या हवेतही ते टिकतात. गंजतात ते बाहेरचे स्क्रू. आपल्याकडची खरी अडचण लोखंडी सेफ्टी डोअरची. लोखंड चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं आणि ते स्विचपर्यंत पुरेसं पोचतच नाही. म्हणून तिथे मधे प्लास्टिकची चकती घालावी लागते किंवा लोखंडी दारासाठी बनवलेला सेन्सर घ्यावा लागतो.

दार चुकवून खिडकीतून आलेल्यासाठी मोशन सेन्सर. मला या सगळ्या सरंजामात सर्वांत आवडणारा भाग हाच. हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, फक्त बघतो, तेही आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. साधारण ३३ अंशांच्या मानवी त्वचेचा सर्वांत जोरकस किरण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. सेन्सरच्या पोटात पायरोइलेक्ट्रिक स्फटिकाचे दोन तुकडे असतात. या स्फटिकाची गंमत अशी की तापमान बदलत असतानाच त्यावर विद्युतभार तयार होतो. तापमान स्थिर झालं की तो गप्प. दोन्ही तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे सकाळी खोली हळूहळू तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडून काढतात. माणूस चालत जातो तेव्हा मात्र त्याचं ऊबदार चित्र आधी एका तुकड्यावर पडतं, मग दुसऱ्यावर, आणि संकेत आधी वर, मग खाली जातो. म्हणूनच आडवा चालणारा माणूस चटकन पकडला जातो, सरळ सेन्सरच्या दिशेने येणारा तितक्या सहज नाही. सेन्सर खोलीच्या कोपऱ्यात, माणसाच्या डोक्याच्या वर लावतात ते याचसाठी: चोराला त्याच्या नजरेसमोरून आडवं जावं लागलं पाहिजे.

पुढचं दुधी झाकण नुसतं झाकण नाही, ते भिंग आहे. ते पॉलिथिनचं असतं, कारण साधी काच हे लांब तरंगलांबीचे किरण अडवते. त्याच कारणाने खिडकीच्या बंद काचेपलीकडून रस्त्याने जाणारी माणसं सेन्सरला दिसत नाहीत.

हे तंत्र थंड देशांत जितकं सोपं जातं तितकं चंद्रपुरात मे महिन्यात जात नाही. बंद फ्लॅटच्या भिंती ३४-३५ अंशांवर गेल्या, की भिंत आणि माणूस यांतला फरक जवळजवळ संपतो आणि चोर भिंतीत विरघळून जातो. चांगल्या सेन्सरमध्ये तापमान मोजणारा भाग असतो. खोली तापली की तो क्षीण संकेत आणखी मोठा करून घेतो. विदर्भात, मराठवाड्यात किंवा वरच्या मजल्यावर राहत असाल तर ‘टेंपरेचर कॉम्पेन्सेशन’ हे दोन शब्द खोक्यावर शोधाच. उलट बाजूने, भिंगावरून चालणारा किडा किंवा पाल सेन्सरला माणसाएवढी मोठी भासू शकते.

खोटे अलार्म टाळायला काही सेन्सरमध्ये मायक्रोवेव्ह रडारही जोडलेलं असतं. १०.५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली ते मोजायचं. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूस ती फक्त ७० हर्ट्झने बदलतो, पण तेवढं पुरतं. रडारला फिरता पंखाही माणूस वाटू शकतो, अवरक्त सेन्सरला उन्हाचा कवडसा. दोघांनी एकदम ‘हो’ म्हटलं तरच अलार्म. काच फुटल्याचा आवाज ओळखणारे सेन्सरही मिळतात, पण खिडक्यांना ग्रिल असलेल्या घरात त्यांची फारशी गरज पडत नाही.

हूटर बहुधा ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचाळतो. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि याच पट्ट्यातला आवाज तिच्यात घुमून मोठा होतो. एक मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेत दहा मीटरवर ९० होतो. मधे दोन भिंती आल्या की आणखी बराच कमी. त्यामुळे दिवाणखान्यातला हूटर चोराला घाबरवायला आणि बाहेरचा शेजाऱ्यांना उठवायला, असे दोन हवेत. बाहेरच्या हूटरला स्वतःची बॅटरी असेल तर त्याची वायर तोडल्यावरही तो वाजतो.

पॅनेलमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. यंत्रणा २०० मिलिॲम्पिअर खात असेल तर लाइट गेल्यावर हिशेबाने ३५ तास मिळतात. बॅटरी जुनी झाली की त्यातले किती उरतात ते मेन स्विच बंद करून पाहावं. उष्णता या बॅटरीचा काळ आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पॅनेल दिसू नये म्हणून ते तापणाऱ्या माळ्यावर ठेवणारे दर दोन वर्षांनी बॅटरी विकत घेतात, इतकंच.

शेवटी निरोप. जुन्या पॅनेलमधला मॉडेम फक्त २जीवर बोलतो, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचं २जी जाळंच नाही. आणि ज्या सिमवरून एरवी कोणी बोलत नाही, त्याचा रिचार्ज संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. चांगलं पॅनेल म्हणून ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असा मेसेज पाठवतं. वायरलेस सेन्सरही पॅनेलला अशीच हजेरी देतात आणि ती चुकली की पॅनेल कळवतं. फोनच्या यादीत पहिला नंबर बहुतेकजण स्वतःचा घालतात. दिवाळीत गावाला गेलेला मालक तीनशे किलोमीटरवरून फार तर ११२ फिरवेल. पहिला नंबर शेजाऱ्यांचा असावा आणि अलार्म बंद करायचा कोड त्यांना माहीत असावा.