मुक्त सॉफ्टवेअर सल्लागार-सेवा

मुक्त सॉफ्टवेअर आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेण्यासाठी जाणकार प्रोग्रामरला किंवा कंपनीला मोबदला देऊन काम सोपवण्याची पद्धत. सॉफ्टवेअर फुकट मिळते, मग पैसे कशाचे, असा प्रश्न इथे हमखास येतो. मुळात ‘मुक्त’ या शब्दाचा किमतीशी संबंध नाही. प्रोग्राम वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे यांची मोकळीक त्यात अभिप्रेत आहे. बदलण्याचा हक्क सॉफ्टवेअरसोबतचा परवाना सर्वांनाच देतो, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडून त्यात हात घालणे सर्वांना जमत नाही. पैसे मोजायचे ते या कामाचे. काम पसंत पडले नाही तर तोच कोड घेऊन दुसऱ्या सल्लागाराकडे जाता येते.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८५ च्या जीएनयू (त्यांचा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प) जाहीरनाम्यातच अशा सेवांवर प्रोग्रामर पोट भरू शकतील, असे म्हटले होते. पुढे ईमॅक्स या त्यांच्या मजकूर-संपादकाबरोबर सशुल्क मदत करणाऱ्यांची एक यादीही दिली जाई. १९८९ मध्ये मायकेल टीमन, जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेंकल-वॉलेस यांनी सिग्नस ही कंपनी काढली. जीसीसी हा कंपायलर (सोर्स कोडचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) नव्या प्रोसेसरांवर चालता करून देणे हा तिचा मोठा धंदा होता. १९९९ मध्ये रेड हॅटने ती विकत घेण्याचे जाहीर केले.

ग्रंथालयांसाठीच्या ‘कोहा’ प्रणालीचा जन्मही अशाच कामातून झाला. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखेला टिकेल की नाही, याची खात्री नव्हती. ट्रस्टने काटिपो कम्युनिकेशन्सकडून नवी प्रणाली लिहून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि जीपीएल या जीएनयूच्या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित पद्धतीची सोय २००२ मध्ये आली. त्या कामाला पुढे अमेरिकेतील अथेन्स काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी पैसा पुरवला. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट.

बदल केला की तो जगजाहीर करावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. जीपीएलची अट प्रत दुसऱ्याला दिल्यावर लागू होते. संस्थेने बदललेला प्रोग्राम स्वतःपुरता वापरला तर तो कोणालाही दाखवण्याचे बंधन नाही. सल्लागाराने बदललेली प्रत ग्राहकाला दिली, तर सोर्स कोड मिळण्याचा हक्क ग्राहकाचा. गावभर वाटण्याची सक्ती नाही. ग्राहकाच्या संमतीशिवाय आपले बदल इतरांना देणार नाही, असा शब्दही सल्लागार देऊ शकतो. उलट, ग्राहकाला मिळालेली प्रत त्याने पुढे वाटू नये, अशी अट मात्र सल्लागाराला घालता येत नाही. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर ग्राहकाने आपला कोड केवळ स्वतःसाठी काम करणाऱ्याकडे सोपवण्याची वेगळी तरतूदच आहे. एजीपीएल हा जीपीएलचाच भाऊबंद परवाना अधिक कडक: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. एमआयटी आणि बीएसडी या सैल परवान्यांत मूळ कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर जपला की बहुतेक भागते.

भांडणे होतात ती परवान्यावरून कमी आणि करारात न लिहिलेल्या गोष्टींवरून जास्त. अनेक देशांत बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. पैसे मोजणाऱ्याला हे बहुधा उशिरा कळते. दुसरा मुद्दा देखभालीचा. समजा, सुट्टीच्या दिवसांचा दंड वगळणारा वीस ओळींचा पॅच (मूळ कोडवर चढवायचा बदल) ग्रंथालयाने लिहून घेतला. पुढच्या आवृत्तीत मूळ प्रकल्पाने तो भाग नव्याने लिहिला, की पॅच बसत नाही. न जुळलेल्या ओळी ‘आरईजे’ या शेपटीच्या फाइलमध्ये पडून राहतात आणि सल्लागाराला पुन्हा बोलवावे लागते. म्हणून बदल मूळ प्रकल्पात दाखल करून घेण्याचे कामही करारातच धरलेले बरे. ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती कंपनीच्या पैशातून स्पेनमधील इगालिया या सल्लागार कंपनीने सीएसएस ग्रिडचे (वेबपानांची मांडणी करण्याची पद्धत) काम थेट क्रोमियम आणि वेबकिट या ब्राउझरांमागच्या मुक्त प्रकल्पांमध्ये केले, ते याच वाटेने.

हमीचा प्रश्न वेगळा. जीपीएल सॉफ्टवेअर कोणत्याही हमीविना मिळते, पण शुल्क घेऊन हमी देण्याची मुभा परवान्यातच आहे. ती हवी असल्यास किती काळ आणि कोणत्या आवृत्तीसाठी, हे वेगळे लिहून घ्यावे लागते.