प्रोसेसरच्या आवाजामागचा इतिहास

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत इलेक्ट्रिक बेंजोच्या शेजारी आणि सांगलीच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याच्या पायाशी हल्ली डिजिटल प्रोसेसर असतो, म्हणजे वाद्याच्या आवाजावर हवे ते परिणाम चढवणारा डबा. त्याच्या गुणदोषांवर कलाकारांत होणारे वाद समजून घ्यायचे, तर आधी त्याची घडण पाहावी लागते.

सुरुवात डिजिटल नव्हती. १९६२ साली माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन हा पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा, आला. त्यातले तीन ट्रान्झिस्टर सिग्नल मुद्दाम फाडत. १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी बकेट ब्रिगेड हे सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून उशिरा सोडणारं सर्किट मांडलं आणि त्यातून पुढे कोरस (एकाच आवाजाचे अनेक भासवणारा), डिले (आवाज उशिराने पुन्हा ऐकवणारा) असे पेडल निघाले. पण त्यात डिले लांबवला की आवाज मळकट व्हायचा. १९८३ च्या बॉस कंपनीच्या डीडी-२ या डिजिटल पेडलने ही अडचण दूर केली. छोट्याशा पेडलमध्ये ८०० मिलिसेकंदांपर्यंतचा स्वच्छ इको मिळू लागला, कारण आकड्यांत साठवलेला आवाज वाट पाहताना खराब होत नाही. डिले आणि रिव्हर्बमध्ये (सभागृहासारख्या घुमाऱ्यात) डिजिटल आजही भक्कम आहे, ते या मुळामुळे.

डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाची, गोष्ट वेगळी. सिग्नल फाटला की वरचे स्वर जन्मतात. ४४.१ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजणाऱ्या यंत्राला साधारण २२ किलोहर्ट्झच्या वरचं काही मांडता येत नाही. तिथले स्वर उलटे फिरून खाली येतात आणि मूळ सुराशी नातं नसलेल्या जागी बसतात. जुन्या स्वस्त प्रोसेसरचा वरच्या पट्टीतला किरकिराट यातलाच. ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे आत मोजणीचा वेग वाढवून, तो आटोक्यात येतो, पण त्यासाठी ताकदीची चिप लागते.

दुसरी उणीव हाताच्या दाबाची. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर, म्हणजे अँप, हलक्या आघाताला स्वच्छ बोलतो, जोराच्या आघाताला गुरगुरतो. मिरजेच्या कानाला हे शिकवावं लागत नाही. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि त्या वाद्यांचा जीव जवारीत, म्हणजे घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागात, असतो. तार घोडीवर कशी घासते त्यावर स्वर उघडतो. तशीच सजीवता यंत्रात आणायचा प्रयत्न लाइन ६ कंपनीच्या पॉड या यंत्राने १९९८ मध्ये अँपची नक्कल करून घरोघरी पोहोचवला. २०११ च्या केंपर या यंत्राने पुढचं पाऊल टाकलं: खऱ्या अँपला चाचणीचे सिग्नल देऊन त्याचा स्वभावच टिपून घेतला. माझ्या मते हा टप्पा सर्वांत मोठा. चांगल्या यंत्रात आता बोटाचा फरक खरोखर ऐकू येतो.

लेटन्सीचा, म्हणजे वाजवल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा, बाऊ मात्र फार होतो. तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून एक मीटर लांब उभं राहणं.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्याच. मंडळाच्या गाडीवर आवाज थेट मिक्सरला जातो, गिटारचा स्पीकर मध्ये नसतो. कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद राहिलं तर डिस्टॉर्शन भणभणतं आणि दोष यंत्रावर येतो. जनरेटर क्षणभर बसला तर साधा पेडल वीज येताच बोलतो, प्रोसेसर आधी बूट होतो. उलट एका पायाने पॅच (आधीच जुळवून ठेवलेला आवाज) बदलून लावणीवरून रॉकवर जाण्याची सोय सुट्या पेडलांच्या रांगेत नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांनी प्रोसेसर जवळ केला तो त्यामुळे.

दुकानात बघताना भडक फॅक्टरी पॅच बाजूला ठेवावेत. एकच अँप मॉडेल लावावं, गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणावा आणि एकच स्वर आधी हळू, मग जोरात वाजवावा. आवाज नुसता लहान-मोठा झाला आणि पोत तोच राहिला, तर तो डबा डिले-रिव्हर्बपुरता घ्यावा.