परदेशात शिकायला जायचंय? गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की घरात पहिली चर्चा होते ती देश कुठला आणि फी किती याची. कागदपत्रांकडे वळायचं ते प्रवेश पक्का झाल्यावर, असं बहुतेक पालक धरून चालतात. हा क्रम उलटा करायला हवा. विद्यापीठाचा अर्ज ऑनलाइन भरून होतो, व्हिसाचे नियमही छापील असतात. काम अडतं ते आपल्याच कपाटातल्या कागदांवर: नावाच्या स्पेलिंगवर, घराच्या मालकीवर, रहिवासी दाखल्यावर. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर आदल्या वर्षीची चतुर्थी झाली की लगेच या कामांना लागा.

आधी नाव जुळवा

दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. आई-बाबांची कागदपत्रंही त्यांच्यासोबत ठेवा. गोव्यात हा प्रश्न वारंवार उभा राहतो, कारण जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या आहेत. आजोबांच्या नोंदीत कामोती, बाबांच्या पासपोर्टवर कामत. देसाईंच्या घरात एकाच्या कागदावर एक एस, दुसऱ्याच्या कागदावर दोन. नाईक कुठे साधं, तर कुठे शेवटी क्यू-यू-ई लावून. त्यात लग्नानंतर नाव बदलायची आपल्याकडची रीत. आईची पदवी माहेरच्या नावाने, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं नाव आणि बँक खातं तिसऱ्याच मिश्रणात, असं पुष्कळ घरांत आढळतं.

परदेशी व्हिसा अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. पैसे आईच्या खात्यात दाखवायचे असतील तर ती आई तुमचीच आहे हे जन्मदाखल्यावरून सिद्ध व्हावं लागतं, आणि तिथेच फाइल थांबते.

दुरुस्ती त्या त्या ठिकाणीच होते. गुणपत्रिकेवरचं नाव शाळेमार्फत पर्वरीच्या गोवा शिक्षण मंडळाकडून, जन्मदाखल्यावरचं ज्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंद आहे तिथून. नाव किंवा आडनाव खरोखरच बदलायचं असेल तर त्यासाठी गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे, १९९० सालचा, आणि अर्ज तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे होतो. ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र पालकांच्या किरकोळ फरकांना चालून जातं. विद्यार्थ्याच्या पासपोर्टात आणि गुणपत्रिकेत फरक असेल तर मात्र प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, मूळ कागद दुरुस्त करा. पुढे पदवी, नोकरी, बँक सगळीकडे तेच नाव जाणार आहे.

पासपोर्टचं काम पणजीच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत येतं. प्रौढांसाठी ३६ पानांच्या पुस्तिकेची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. त्याची मुदत अभ्यासक्रमाच्या मधेच संपणार असेल तर जाण्याआधीच नवा करून घ्या.

पात्रता

बारावीनंतर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे पदवीला थेट अर्ज करता येतो. जर्मनीत नाही: भारतातल्या नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. इथे मान्यताप्राप्त पदवीचं निदान एक वर्ष झालेलं असेल किंवा जेईई अॅडव्हान्स्ड पार केलेली असेल तर वाट उघडते, नाहीतर पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं. गोवा विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी ब्रिटनमध्ये पदव्युत्तर प्रवेशाला चालते. अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांचीच मागतात, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी त्या विभागाला ईमेल करून विचारा.

आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो. फार आधी परीक्षा देऊन ठेवली तर ऐनवेळी ती बाद होते. पदवीच्या ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाकडेच अर्ज करावा लागतो. कॉलेजची गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. एकाच वेळी चार-पाच प्रती मागवा, काही ठिकाणी त्या बंद पाकिटात लागतात.

पैसा कसा दाखवायचा

व्हिसासाठी पैसा असणं पुरेसं नसतं. तो योग्य ठिकाणी, योग्य नावावर आणि ठरलेले दिवस असावा लागतो. ब्रिटनचा नियम समजला की बाकीचे सोपे वाटतात. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. नोव्हेंबर २०२५पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे लंडनबाहेर नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड, फी वेगळी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी २८ दिवसांची मोजणी पहिल्यापासून. खातं स्वतःचं किंवा आई-बाबांचं चालतं, काका-मामांचं चालत नाही. शेअर आणि भविष्य निर्वाह निधी धरत नाहीत. गोव्यात पुष्कळ कुटुंबांची ठेव पतसंस्थेत असते. संस्था नियामकाच्या देखरेखीखाली असावी आणि तिच्या नोंदी पडताळता याव्यात असं ब्रिटनचा नियम म्हणतो, म्हणून ती रक्कम वेळेत बँकेत हलवणंच बरं.

गोवा सरकारच्या दोन वाटा आधी तपासा. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देतं, आणि उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना पदव्युत्तर व संशोधनासाठी गुणवंत विद्यार्थ्यांना मदत करते. दोन्हींसाठी गोव्यातलं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन्ही मामलेदार कार्यालयातून मिळतात. जूनमध्ये तिथे अकरावी आणि कॉलेज प्रवेशांची झुंबड असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा. त्या वर्षीची रक्कम, वयोमर्यादा आणि अर्जाची तारीख जाहिरातीतूनच घ्या, शेजारच्या मुलाला मिळाली तीच तुम्हाला मिळेल असं धरू नका. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्तीही आहे. देशभरात वर्षाला २० जागा असल्या तरी अर्ज करायलाच हवा. आपल्याकडच्या फार थोड्या मुलांपर्यंत ही माहिती पोचते याचं वाईट वाटतं.

बँकेचं कर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून मागता येतं. साधारणपणे साडेसात लाखांपुढे बँक तारण मागते, आणि गोव्यात खरी परीक्षा इथे असते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात. त्यामुळे घर एकट्या बाबांच्या नावावर असलं तरी तारण ठेवायला आईची सही लागते. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा हक्काचा दस्त किंवा न्यायालयातली इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कारवाई), आणि त्यात सगळे काका, आत्या आणि त्यांचे जोडीदारही येतात. एक आत्या मस्कतला, एक काका लिस्बनला, अशा घरात हे काम एका उन्हाळ्यात उरकत नाही.

मुंडकाराच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांनी तर फारच आधी हलावं. घर तुमचं असलं तरी जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची असते. १९७५च्या मुंडकार कायद्याखाली खरेदी पूर्ण होऊन तिचा दाखला हाती आल्याशिवाय बँक असं घर सहसा तारण घेत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नेमकं कोणाचं नाव आहे ते आजच बघा. तारण जमत नसेल तर विनातारण कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांचा व्याजदर जास्त असतो. परतफेडीचा हिशेब पदवीनंतर मिळणाऱ्या पहिल्या पगारावर मांडा, विद्यापीठाच्या माहितीपत्रकातल्या पगारावर नको.

कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. वर्षाला दहा लाखांवर पैसे बाहेर पाठवले तर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा आगाऊ कर) कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५पासून तो लागत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचं काय?

हा प्रश्न गोव्यात नेहमी विचारला जातो, म्हणून थोडं थांबून सांगते. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येत आलं आहे. शिक्षणासाठी ते घ्यावं का, याचा निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मतदान, सरकारी नोकरी, शेतजमिनीची खरेदी यांवर त्याचा परिणाम होतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही.

दुसरी, ब्रिटनमध्ये कमी फीचं आकर्षण आता उरलेलं नाही. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२च्या शैक्षणिक वर्षापासून, युरोपीय पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही आंतरराष्ट्रीय फीच भरावी लागते आणि व्हिसाही लागतो. आधीपासून तिथे राहून सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड (कायम किंवा तात्पुरत्या वास्तव्याचा) दर्जा मिळवलेल्यांची गोष्ट वेगळी. गावात अजूनही जुनीच माहिती फिरते, आणि तिच्या भरवशावर मुलांची वर्षं पणाला लागतात.

तिसरी, युरोपीय संघात व्हिसाची अट जाते हे खरं, पण फीचं गणित प्रत्येक देशाचं निराळं. आयर्लंडमध्ये युरोपीय दराने फी हवी असेल तर पासपोर्टाबरोबर गेल्या पाचांपैकी तीन वर्षांचं युरोपातलं वास्तव्यही बघतात. डिचोलीत वाढलेल्या मुलाकडे ते कुठून असणार? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या नागरिकत्वाचा निर्णय एका वर्षाच्या फीपायी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

देशानुसार मुख्य कागद

ब्रिटन: विद्यापीठाने दिलेला सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा क्रमांक, मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचा दाखला, पैशाचे कागद. व्हिसाच्या फीखेरीज वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. एका वर्षाच्या एम.ए.ला व्हिसा वर्षाहून जास्त मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड होतो. पुष्कळांच्या हिशेबात ही रक्कम धरलेलीच नसते.

जर्मनी: नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. ते सगळ्यात आधी मागवा. ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात.

अमेरिका: विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र, मग विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी, व्हिसाचा डीएस-१६० अर्ज आणि मुलाखत. गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, म्हणून मुंबईत मुक्कामाची सोय धरूनच मडगावहून गाडी पकडा. जून २०२५पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात.

कॅनडाची झटपट एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाली. एका व्यक्तीसाठी फीशिवाय २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियात नुसती व्हिसा फीच जुलै २०२५पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. हे सगळे आकडे दर वर्षी हलतात. अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचाच आकडा धरा.

एजंटकडे जाताना

एजंट घेणं चुकीचं नाही. पण ‘आम्ही परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत’ अशी पाटी दिसली तर विचारा, कशासाठी? १९८३च्या स्थलांतर कायद्याखालची ती नोंदणी नोकरभरती करणाऱ्यांची असते, विद्यार्थी पाठवणाऱ्यांची नाही. अर्जातला ईमेल आणि पासवर्ड तुमचाच ठेवा, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा, आणि तुमच्या नावाने लिहिलेलं प्रत्येक पत्र सही करण्याआधी वाचा. एजंटने जोडलेल्या खोट्या कागदासाठी व्हिसा खाती विद्यार्थ्यालाच जबाबदार धरतात. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा शेरा बसला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं.

निघण्यापूर्वी

जन्मदाखला किंवा पदवी अपॉस्टील (परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण) करून हवी असेल तर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. हे इथे असतानाच करून घ्या. पोचल्यावर मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव नोंदवा, अडचणीच्या वेळी दूतावासाला तुमचा पत्ता माहीत असतो. आणि आई किंवा बाबांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. कर्जाचा पुढचा हप्ता सोडवणं, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणं, मामलेदाराकडे अर्ज देणं, या सगळ्यासाठी तुमची सही लागते. हेच मुखत्यारपत्र परदेशातून करायचं तर भारतीय दूतावासात वेळ घ्या, सही साक्षांकित करा, कागद टपालाने पाठवा आणि इथे त्यावर मुद्रांक भरा, इतकं सगळं करावं लागतं. पणजीत किंवा मडगावात नोटरीकडे ते एका सकाळी होतं.