गणपतीची आरती आपल्या घरी येण्याआधी

पंधराव्या वर्षी मुलीला ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं की घरचे आधी हळहळतात, "इतकी वर्षं कळलं कसं नाही?" न कळण्याला कारण असतं. बोलकी, अभ्यासात बरी मुलं इतरांचं बघून वागणं उचलतात. मुली तर फारच सफाईने. आठवी-नववीत मैत्री टोमण्यांवर आणि अर्ध्या वाक्यांवर चालू लागते, तिथे ही नक्कल पुरी पडत नाही. तोवर वाडीने 'घुमी', 'हट्टी' असे शिक्के मारलेले असतात. ऑटिझम लहानपणापासूनच असतो. तो लसीने होत नाही, मोबाइलने होत नाही आणि आईचं लक्ष कमी पडलं म्हणूनही होत नाही.

निदान तिच्यापासून लपवू नका. "तुझा मेंदू आवाज, उजेड, माणसं यांची नोंद वेगळ्या तऱ्हेने घेतो, म्हणून शाळेतून येईपर्यंत तू एवढी दमतेस," इतकं पुरे. तोंडी जड जात असेल तर कागदावर लिहून द्या. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच महिन्यात होते. थेरपी, शिकवणी, योगवर्ग सगळं एकदम सुरू केलं जातं. खरं तर आधी ओझं उतरवायला हवं. सतत चालणाऱ्या आवाजाची बहुतेकांना सवय होते, तिच्या मेंदूला ती सहज होत नाही. पंखा, कुकर, एसटीतली गर्दी यांची दिवसभर बेरीज होत राहते. घरी आल्यावर पाऊण तास तिला एकही प्रश्न विचारू नका.

खरी कसोटी गणपतीत. चार खोल्यांच्या घरात वीस चाकरमानी, तिची खोली पाहुण्यांना दिलेली आणि माजघरात मृदंग-झांजा. बंद खोलीत कानाजवळ वाजणारी झांज १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकते. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही. कारखान्यात वापरतात तसे कानावरचे संरक्षक नीट बसले तर आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतो. ते फक्त आरतीपुरते घालावेत. दिवसभर घातले तर कान शांततेला सोकावतो आणि साधा आवाजही बोचू लागतो.

खोली द्यावीच लागली तर पोटमाळ्याचा कोपरा पडदा लावून तिच्यासाठी ठेवा. कोण कधी येणार हे कागदावर लिहा, आणि कधी जाणार हे तर नक्कीच. आरतीच्या वेळी तिला पडवीत, दाराजवळ बसू द्या. निघायची खूण आधी ठरवा, आणि ती केल्यावर "आता कुठे चाललीस?" असं कुणीही विचारायचं नाही. आजीलाही हे आधी सांगून ठेवावं लागतं. दूर्वांच्या २१-२१ च्या जुड्या बांधणं हे तिच्यासाठी छान काम, मोजून होणारं आणि कुठे संपतं ते दिसणारं.

तरीही तिचा स्फोट झाला, म्हणजे रडणं-ओरडणं आवरेनासं झालं, तर तो हट्ट नव्हे. हट्ट मागणी पुरवली की थांबतो, हा थांबत नाही. दिवा मंद करा, माणसं बाहेर काढा, न विचारता अंगाला हात लावू नका, बोलू नका. समजूत त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी.

ऑटिझम बरं करणारं औषध नाही. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांच्या जाहिरातींना तसा पुरावा नाही. चिंता, नैराश्य आणि झोपेच्या तक्रारींवर मात्र उपचार होतात. वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट तपासा, कारण दुखणं नीट सांगता येत नाही. मध्येच शून्यात बघणं, झटके येणं दिसलं तर डॉक्टर गाठाच. ऑटिझमसोबत फिट्सचं प्रमाण जास्त असतं, आणि त्या किशोरवयात नव्याने सुरू होऊ शकतात.

कागदपत्रं नववीतच हाती घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी सरकारच्या यूडीआयडी पोर्टलवर अर्ज केल्यावर तपासणीसाठी सहसा जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. रत्नागिरीकरांना रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारून निघा, भर पावसातली एक फेरी वाचते. बऱ्याच सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दहावीला तासामागे २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. अर्ज शाळेमार्फत, वेळेआधी. लेखनिक घेणार असाल तर सहामाहीलाच सराव करून बघा, कारण अनोळखी माणसाला उत्तर सांगणं हेच तिला सगळ्यात अवघड जाऊ शकतं.